नानांची सहा वर्षं

बंदर कचेरीच्या पायऱ्या सात. मोजाव्या लागल्या नाहीत, पायांनाच माहीत होत्या. सातवीवर पूर्वीसारखाच जरा ठेचकाळलो. ती बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच आहे आणि संस्थानी गवंड्याने बांधली त्या दिवसापासून आजतागायत कुणी ती सारखी केलेली नाही.

नाना जाऊन तीन आठवडे झाले. माझे वडील. त्यांची पेन्शन बंद करायची म्हणून तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो, तर तिथं सांगितलं की मयत ज्या कचेरीतून निवृत्त झाले तिथला शेरा आणा. म्हणून इकडे आलो. नाहीतर या बाजूला मी फिरकत नाही. सुपारीच्या वखारीतून घरी जायला धक्क्यावरून जवळचा रस्ता आहे, पण गेली तेरा वर्षं मी वाड्यांमधल्या पाणंदीने जातो.

खुर्चीत बावीस-तेवीस वर्षांचा कारकून बसला होता. नव्या भरतीतला. बोलण्यावरून घाटावरचा वाटला. त्याने अर्ज वाचला आणि विचारलं, "मयताचं वय?"

"अडुसष्ट," मी म्हटलं.

खरं म्हणजे नानांना पंचाहत्तरावं लागलं होतं. दहाव्याला भटजींना मी खरं वय सांगितलं, आणि सरकारला कागदावरचं. दोन्हीकडे जीभ जराही अडखळली नाही. नाना गेल्यापासून माझं असंच चाललं आहे. लोक भेटायला येतात, मी सतरंजी पसरतो, पाणी देतो, कसं झालं ते सांगतो, आणि सांगताना शेजारच्या घरची हकीकत सांगावी तसा माझा आवाज लागतो. आई एकदोनदा माझ्याकडे बघून राहिली.

"जुनं दप्तर आत आहे. शोधायला वेळ लागेल, बसा," असं म्हणून कारकुनाने भिंतीकडच्या बाकाकडे बोट दाखवलं.

ते बाक माझंच. सात वर्षं मी त्यावर बसलो होतो. बसलो आणि बंद दाराच्या फटीतून दप्तराचा वास आला. लाख, जुना कागद, ओला काथ्या आणि कुठंतरी तळाशी सुक्या मासळीचा. शाई मात्र त्या वासात राहिली नव्हती.

उमेदवारी म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. कारकुनाचा मुलगा किंवा पुतण्या शाळा संपली की कचेरीत येऊन बसायचा. पगार नाही, हजेरी नाही, नाव कुठल्याही कागदावर नाही. सकाळी दौती भरायच्या, टाकांची निबं पुसायची, दिवसभर नकला करायच्या, साहेब आले की उभं राहायचं. आज ना उद्या जागा रिकामी झाली की साहेब मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, हा आपलाच आहे, याला घ्या. नाना असेच लागले. चार वर्षं उमेदवारी करून ते आपल्या काकांच्या जागेवर बसले. नोकरी आमच्याकडे वाडीतल्या माडांसारखी एका हातातून दुसऱ्या हातात जायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मी अठराव्या वर्षी बसलो. मॅट्रिक झालो होतो आणि माझं अक्षर बरं होतं. बरं म्हणजे, तालुक्याहून येणारे अंमलदार अर्ज हातात धरून आधी अक्षराकडे बघत आणि मग मजकुराकडे. मला त्याचा फार ताठा होता.

कचेरीत माणसं तीन. नाना वडील कारकून. त्यांच्या हाताखाली अब्बासचाचा, नानांपेक्षा दोन वर्षांनी लहान, उंच, सडसडीत, बोलताना नेहमी खिडकीबाहेर समुद्राकडे बघणारे. त्यांचा मुलगा बोटीवर खलाशी होता आणि बहुधा त्याची बोट दिसते का ते बघायची त्यांना सवय लागली असावी. तिसरा धाकू शिपाई. तो सकाळी काठीवर बावटा चढवायचा, संध्याकाळी उतरवून घडी घालायचा, आणि मंगळवारी व शुक्रवारी डाकेची थैली खांद्यावर टाकून लाँचवर नेऊन द्यायचा. मधल्या वेळात तो दारात बसून काथ्या वळायचा. तळहातावर काथ्या घासल्याचा तो खर्र खर्र आवाज मला अजून कधीकधी वखारीत ऐकू येतो. मान वर केली तर तिथं कुणी नसतं.

दसऱ्यानंतर बंदर भरायचं. दक्षिणेकडून कौलांनी भरलेले पडाव यायचे, दिवेआगरकडून सुपारीच्या गाड्या धक्क्यावर लागायच्या आणि मचवे मुंबईकडे सुटायचे. प्रत्येक बोटीचा तांडेल वर येऊन नाव, माणसं आणि माल सांगून जायचा. त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे फरशीवर असायचे आणि ते वाळून मिठाची पांढरी रेघ उरायची. पावसाळ्यात बंदर बंद. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या, कचेरीच्या पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून झापच बांधलेले, आत भर दुपारी कंदील लावून आम्ही नकला करायचो. चार महिने कुणी यायचं नाही. ते दिवस मला आवडायचे, हे आज सांगायला हरकत नाही.

अशाच एका श्रावणातल्या दुपारी अलिबागहून कागद आला. संस्थान खालसा होऊन काही महिनेच झाले होते. संस्थानात माणूस चालेनासा होईपर्यंत नोकरी करायचा. आता पंचावन्नाला घरी जायचं होतं. प्रत्येक नोकराने आपली जन्मतारीख पुराव्यासह कळवावी, पुरावा नसल्यास दुसऱ्या नोकराची साक्ष चालेल, असं त्यात होतं. नानांनी चष्मा वर-खाली करून तो दोनदा वाचला आणि अब्बासचाचांकडे सरकवला.

"अब्बासभाई, हे आपल्याला घरी पाठवायचं दिसतंय."

"नानाभाऊ, तुमचं तर वर्षच राहिलं की," चाचा खिडकीकडे बघत म्हणाले. "माझी तीन. त्यानंतर काय, अल्ला जाणे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरगा लागेपर्यंत तरी राहायला हवं. याची आई मला विचारील, एवढी घाई कसली झाली होती म्हणून."

धाकू दारातून म्हणाला, "आन माजं वो? मला काय म्हायती कवा झालो त्ये. आय सांगायची, मोठ्या वादळाच्या साली झालास."

"कुठल्या मोठ्या वादळाच्या?"

"येक झालं त्यात माड पडले. येक झालं त्यात देवळाचं शिखर पडलं."

नानांनी बोटांवर हिशेब केला. "माडांचं धरलं तर तू बावन्नचा. शिखराचं धरलं तर बेचाळीसचा."

"मंग शिखराचं धरा," धाकू म्हणाला, आणि पुन्हा काथ्या वळायला लागला.

आम्ही सगळे हसलो. चाचांना ठसका लागेपर्यंत हसलो. आणि त्या हसण्यातच ते ठरलं. कुणी असं म्हटलं नाही की आपण खोटं लिहू या. धाकूने एक वादळ सोडून दुसरं धरलं, तर बाकीच्यांनाही थोडं सरकायला काय हरकत आहे, एवढंच. बाकावर एकजण सरकला की सगळे सरकतात तसं. मात्र क्रम बिघडता कामा नये, हे नानांनी बजावलं. ते वडील, चाचा त्यांच्यामागून. जेवढी वर्षं एकाने कमी करायची तेवढीच दुसऱ्याने.

"किती करायची?" चाचांनी विचारलं.

"तीन पुष्कळ झाली," नाना म्हणाले.

मी बाकावरून उठून उभा राहिलो आणि म्हटलं, "सहा करा."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण टाक माझ्या हातात होता आणि ते लिहिणारा मी होतो. "घ्यायचीच तर पुरेशी घ्या नाना. तीन वर्षांनी पुन्हा काय करणार?" असं काहीतरी मी बोललो. नाना जरा घुटमळले, मग म्हणाले, "बरं. लिही." चौपन्नचे नाना अठ्ठेचाळीसचे झाले. नानांच्या वयाला चाचांची साक्ष, चाचांच्या वयाला नानांची, धाकूच्या वयाला दोघांची. तिन्ही कागद मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले, शाई टिपायला वर रेती टाकली, फुंकर मारली. धाकूचा अंगठा घेतला तेव्हा त्याच्या बोटाला काथ्याची कूस लागलेली होती आणि ठशात ती एक बारीक रेघ उमटली.

माझी जन्मतारीख शाळेच्या दाखल्यात होती. ती कुणाला सरकवता येण्यासारखी नव्हती, आणि तेव्हा तशी गरजही कुणाला वाटली नाही.

पुढच्या वर्षी दुसरा कागद आला. संस्थानांतली जादा माणसं आधी सामावून घ्यायची असल्याने नवी जागा काढू नये; आहे ती जागा रिकामी झाली तरच नवीन इसम घ्यावा, आणि त्या इसमास पंचवीस वर्षं पुरी झालेली नसावीत. त्याचीही नक्कल मीच केली. पंचवीस हा आकडा लिहिताना पाचाचं पोट छान आलं होतं, हे मला आठवतं. आकड्याचा अर्थ बहुतेक त्यानंतर आठवड्याने माझ्या डोक्यात शिरला. कचेरीतल्या पहिल्या माणसाला पंचावन्न पुरी व्हायला अजून सहा वर्षं होती. पहिला माणूस म्हणजे नाना. ते जाणार श्रावणात. माझी पंचवीस भरणार त्याच्या आधीच्या फाल्गुनात, म्हणजे त्यांच्या पाच महिने आधी.

तीन वर्षंच कमी केली असती तर मी बाविसाव्या वर्षी लागलो असतो. खरं लिहिलं असतं तर एकोणिसाव्या. हे गणित मी घरी कुणापाशी मांडलं नाही. नानांनीही मांडलं नाही. पण ते मॅट्रिक नसले तरी त्यांना बेरीज येत होती.

मग आमची कचेरी तरुण राहण्याच्या मागे लागली. अब्बासचाचा दर शुक्रवारी दाढीला मेंदी लावून येऊ लागले आणि कचेरीला मेंदीचा हिरवा वास लागला. नाना साहेबांसमोर चष्मा लावत नसत. मी शेजारी उभा राहून पत्रं मोठ्याने वाचायचो आणि नाना वाचल्यासारखी मान हलवायचे. तपासणीच्या दिवशी त्या सात पायऱ्या ते कठड्याला हात न लावता चढायचे आणि वर आल्यावर खिडकीशी उभं राहून समुद्र बघायचे, श्वास जागेवर येईपर्यंत. मचव्यांवर चढून माल बघायला मी जायचो. बावट्याची दोरी काठीच्या टोकाला अडकली की वर मी चढायचो. धाकूला थैली पेलेनाशी झाली तेव्हा लाँचपर्यंत ती मीच नेऊन द्यायला लागलो आणि शेवटच्या दहा पावलांना ती त्याच्या खांद्यावर द्यायचो. वर्षं अशी गेली. गेली म्हणजे, दर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला आणि बंदर उघडलं, तेवढंच.

वर्गातली मुलं लागली, कुणी मुंबईला, कुणी उरणच्या मिठागरांवर, एकजण पोलिसात. शिमग्याला ती येत तेव्हा विचारत, "काय, झालं का तुझं?" मी म्हणायचो, "होतंय." नंतर ती विचारेनाशी झाली आणि ते जास्त सोयीचं होतं.

शेवटच्या हिवाळ्यात अलिबागचे साहेब तपासणीला आले. भला माणूस. माझ्या नकला बघून त्यांनी विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

"माझं, साहेब."

"नोकरीत आहात?"

"उमेदवार आहे. सातवं वर्ष."

त्यांनी नानांचं सेवापुस्तक मागवलं, पान काढलं. "हे श्रावणात निवृत्त होतायत. तुमची पंचवीस केव्हा?"

"फाल्गुनात."

साहेबांनी पुस्तक मिटलं. दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. "थोडक्यात राहिलं हो," ते म्हणाले. "त्याआधी जागा रिकामी झाली असती तर मी तुम्हालाच घेतलं असतं." मग त्यांनी चहा मागितला. नाना भिंतीशी उभे होते, बिनचष्म्याचे. ते कुठं बघत होते मला कळलं नाही.

माघात एका दुपारी नाना मला म्हणाले, "कागद घे."

मी घेतला.

"माझं वय चुकून सहा वर्षं कमी लागलंय, असं लिही. आता घरी जाऊ द्या म्हणावं."

अब्बासचाचांनी खिडकीवरची नजर काढून आमच्याकडे पाहिलं. नानांच्या वयाखाली त्यांची साक्ष होती. एक वय खोटं निघालं की तिन्ही निघणार होती. चाचा म्हणाले, "लिव्हा नानाभाऊ. पोराचा सवाल आहे. माझं बघू काय व्हायचं ते." पण त्यांचा हात दाढीवर गेला तो तिथंच राहिला, आणि दारात धाकूचा काथ्या वळण्याचा आवाज थांबला होता.

नानांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "नको. वयाचं नको काढायला. राजीनामा लिही. प्रकृतीच्या कारणास्तव."

राजीनामा म्हणजे पेन्शन नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. घरात दुसरी मिळकत म्हणजे वाटणीत आलेल्या अकरा पोफळी. मी लिहिलं. चार ओळींचा अर्ज होता. नानांनी चष्मा लावून सही केली. चाचा म्हणाले, "पुन्हा एकदा विचार करा, भाऊ." नाना म्हणाले, "केला." मी जावक बुकात नोंद केली, लखोटा केला, मेणबत्तीवर लाख धरली.

त्या दिवशी शुक्रवार होता. थैलीत मी कागद घातले, तोंड सुतळीने बांधलं, गाठीवर लाख ओतून शिक्का मारला आणि धाकूबरोबर लाँचवर नेऊन दिली. परत येताना धक्क्यावर उभा राहिलो. लखोटा माझ्या सदऱ्याच्या आत होता.

का, ते मला सांगता येत नाही. पुष्कळांनी आपल्या आयुष्यात त्याग वगैरे केलेला असतो आणि तो त्यांना नीट सांगताही येतो. माझं तसं नाही. नानांची कीव आली म्हणावं तर ती आली नव्हती. चाचांचा हात आठवत होता, पण तो काही कारण म्हणून नव्हे. सात वर्षं मी ज्या जागेची वाट पाहिली ती जागा लखोट्यात होती आणि मला तिची भूकच राहिली नव्हती, एवढंच काय ते. लखोटा मी घरी आल्यावर न्हाणीच्या चुलीत घातला. लाखेचा वास आला तेव्हा आईने विचारलं, काय जळतंय. मी म्हटलं, कागद.

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी डाक आली की नाना टाक खाली ठेवायचे. धाकू थैली आणून टेबलावर ठेवायचा, मी शिक्का फोडायचो, एकेक लखोटा बाहेर काढायचो. नाना विचारायचे नाहीत. सगळे लखोटे निघाले की ते टाक उचलायचे. असं पाच आठवडे चाललं. मी एकदा म्हटलं, "नाना, स्मरणपत्र पाठवू का?" हे मी कशाला विचारलं, मलाच माहीत. बघायचं होतं काहीतरी.

नाना म्हणाले, "नको. राहू दे. त्यांचं त्यांना कळेल."

माझी पंचवीस भरली तो दिवस शिमग्याच्या आधीचा होता. पालखी अजून बाहेर पडायची होती, पण ढोल वाजवून बघत होते. आम्ही कचेरीतून घरी आलो, जेवायला बसलो. नाना त्या हिवाळ्यात पानावर दोन घास चिवडून उठायचे. त्या संध्याकाळी त्यांनी आमटीभात संपवला आणि ताकाबरोबर पुन्हा भात मागितला. आई वाढताना म्हणाली, "आज बरी भूक लागली." नाना खाली मान घालून जेवत होते आणि कानशिलाची शीर हलत होती. मला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं असं नंतर पुष्कळदा वाटलं.

श्रावणात नाना रीतसर निवृत्त झाले. चाचांनी त्यांना हार घातला, धाकूने स्वतः वळलेली काथ्याची दोरी दिली, विहिरीला चांगली होईल म्हणून. नानांच्या जागेवर बंद पडलेल्या दुसऱ्या एका कचेरीतला कारकून सामावून घेतला. तो आला तेव्हा काठी टेकत आला. कागदावर त्रेपन्नचा होता. खरा किती, ते त्याच्या वादळांना माहीत. राजीनामा पोचला असता तर ती जागा मला मिळाली असती, की तेव्हाही हाच काठी टेकत आला असता, हे मला कधी कळलं नाही. साहेब भले होते, पण साहेबांच्या वरही साहेब असतात. मी आठवडाभर त्या नव्या कारकुनाला पत्रं वाचून दाखवली. मग एका सकाळी कचेरीत न जाता सुपारीच्या वखारीत गेलो, आणि अजून तिथंच आहे. रोठा सुपारी हातात घेतली की मला तिचं झाड सांगता येतं. ते काम वाईट नाही.

"सापडलं," आतून कारकुनाचा आवाज आला. तो सेवापुस्तक झटकत बाहेर आला, पान काढलं, माझ्या अर्जावर शेरा लिहिला. त्याचं अक्षर गिचमिड आहे. सही करता करता म्हणाला, "तुमच्या वडिलांनी फार वर्षं काढली हो इथं."

"हो," मी म्हटलं.

"आम्हाला आता तीस-बत्तीस वर्षं काढायची." तो हसला. त्याला बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि तो धावतच सात पायऱ्या उतरला. मी शेरा वाळेपर्यंत बसून राहिलो.

नानांचं शेवटचं दुखणं महिनाभराचं. शेवटच्या आठवड्यात बोलणं कमी झालं होतं, पण शुद्ध होती. एका दुपारी आई मागीलदारी भांडी घासत होती आणि मी त्यांच्या पायथ्याशी बसून पाय दाबत होतो. पाय हलके झाले होते, दाबताना हाड लागायचं.

नाना म्हणाले, "तुला एक सांगायचंय."

"सांगा."

"तो अर्ज. मी दिला खरा."

"हो नाना. दिलात."

"पण उत्तर येईना तसं मला बरं वाटायला लागलं. डाक फोडायचास ना तू, तेव्हा मी मनात म्हणायचो, नसू दे. तुझी पंचवीस भरली त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं मला." ते थांबले. श्वास घेतला. "बापाला असं वाटू नये रे. तेरा वर्षं मी तुझ्याकडे नीट बघू शकलो नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे माझ्यावर होते. लखोटा थैलीत गेलाच नव्हता, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. ते बोललो असतो तर ते मोकळे झाले असते, किंवा मी तरी झालो असतो. वाक्य तयार होतं, तोंडाशी आलं होतं. मागीलदारी आईने भांडं पालथं घातलं त्याचा आवाज झाला.

"पडा आता नाना," मी म्हटलं, "बोलू नका जास्त," आणि दुसरा पाय दाबायला घेतला.